खिडकीपलीकडच्या काकू

वेबसाइट बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. डोंबिवली, कल्याण आणि ठाण्यातल्या शाळा, पतपेढ्या, वाचनालयं, क्लासेस, दवाखाने यांची लहानमोठी संकेतस्थळं करण्यात माझी दोन दशकं गेली. कोड लिहायला पुस्तकांतून शिकलो, पुढचं बरंचसं इंटरनेटवरच मिळालं. पण वेबसाइट लोकांच्या उपयोगी पडते ती कशामुळे, हे मला शिकवलं आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी. त्या कल्याण-डोंबिवली महापालिकेत कारकून होत्या. नाव छापलेलं त्यांना चालणार नाही, त्यामुळे इथेही त्या काकूच.

आमचं घर डोंबिवली पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर. काकू समोरच्या दारात. आईची आणि त्यांची मैत्री वाटीभर साखरेपासून सुरू होऊन एकमेकींच्या घरच्या किल्ल्या सांभाळण्यापर्यंत गेलेली. त्यांची सगळी नोकरी खिडकीवर गेली. 1 ऑक्टोबर 1983 रोजी महापालिका स्थापन झाली. काकू त्यानंतर काही वर्षांनी लागल्या. लोकांचा कामाचा कागद घ्यायचा, तपासायचा, आत पाठवायचा, आणि नंतर तोच माणूस दहादा विचारायला आला की दहादा उत्तर द्यायचं, हे त्यांचं काम. ‘आत आहे’ हे दोन शब्द दिवसातून किती वेळा बोलते याचा हिशेब ठेवला असता तर मला पदक मिळालं असतं, असं त्या म्हणायच्या.

2002च्या आसपास त्यांच्या कार्यालयाचा चेहरामोहरा बदलला. कल्याण-डोंबिवली महापालिकेने सगळा कारभार संगणकावर आणायला घेतला. तेव्हा ‘ई-गव्हर्नन्स’ हा शब्द फक्त परिसंवादांत ऐकू यायचा आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही महापालिकेने एवढं अंगावर घेतलेलं नव्हतं. आयुक्त श्रीकांत सिंह यांच्या काळात या कामाने जोर धरला, सॉफ्टवेअर एबीएम नॉलेजवेअर या मुंबईच्या कंपनीने तयार केलं. जन्माचा दाखला एका टेबलाला, मालमत्ता कर दुसऱ्या, पाण्याची तक्रार तिसऱ्या मजल्यावर, हे मोडून नागरी सुविधा केंद्र उघडलं. कुठल्याही खात्याचं काम असो, अर्ज एकाच ठिकाणी द्यायचा. पुढे राज्य सरकारने हाच नमुना राज्यातल्या इतर महापालिकांत आणि नगरपालिकांत नेला. डोंबिवलीचं नाव निघालं की लोक रस्त्यांवरून आणि गर्दीवरून बोलतात. हे काम मात्र आपल्याकडे झालं हे फारसं कुणी सांगत नाही.

काकूंची बदली या केंद्रात झाली आणि चाळिशी उलटलेल्या काकू संध्याकाळी आमच्याकडे यायला लागल्या. माझ्या संगणकावर मराठी टायपिंगचा सराव करायला. कुठलं अक्षर कुठल्या कळीवर ते दाखवणारा इनस्क्रिप्टचा कागदी तक्ता त्यांनी कीबोर्डच्या डोक्यावर चिकटवला होता. मी तेव्हा नुकता कॉलेजातून बाहेर पडलेला, दोनचार संस्थांच्या वेबसाइटची कामं मिळवलेला. ‘अहो काकू, ते शिफ्ट दाबून ठेवा’ एवढंच माझं शिकवणं. त्याच्या बदल्यात त्यांनी जे दिलं ते मी अजून वापरतोय.

एका संध्याकाळी त्यांनी पर्समधून एक पावती काढून टेबलावर ठेवली. सुविधा केंद्रात अर्ज दिला की संगणकातून निघणारी. साधा कागद, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, कडेला फाडायची भोकं. अर्जाचा क्रमांक, अर्जदाराचं नाव, काम कशाचं, भरलेली रक्कम, आणि खाली दाखला मिळण्याची तारीख. काकूंनी त्या तारखेवर बोट ठेवलं. ‘माणूस पावती हातात घेतो ना, तेव्हा नाव बघत नाही, रक्कम बघत नाही. इथे बघतो. बघितली की घडी घालतो, खिशात ठेवतो आणि जातो. पूर्वी जायचाच नाही रे!’

मग त्यांनी माझ्या पडद्याकडे पाहिलं. मी एका क्लासच्या प्रवेशाचा फॉर्म करत होतो. भरून बटण दाबलं की ‘धन्यवाद! आम्ही लवकरच संपर्क साधू’ अशी अक्षरं यायची. त्या काळी सगळ्याच वेबसाइटवर यायची, आजही येतात.

‘लवकरच म्हणजे कधी?’ काकूंनी विचारलं.

उत्तर माझ्याकडे नव्हतं, क्लासवाल्यांकडेही नव्हतं. मी त्यांना फोन केला, त्यांनी आपसात विचार केला आणि दोन दिवसांत फोन करायचं कबूल केलं. फॉर्मवर अर्जाचा क्रमांक आला, ‘परवा संध्याकाळपर्यंत फोन न आल्यास या क्रमांकावर विचारा’ ही ओळ आली. नंतर क्लासवाले म्हणाले, चौकशीचे फोन कमी झाले. काकूंना सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही.

तारखेचं महत्त्व सरकारलाही पटलं. 2015 साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा आला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा नागरिकाचा हक्क झाला. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर अपील करता येतं, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. काकू तेव्हा निवृत्तीला आल्या होत्या. कायद्याची बातमी त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाल्या, ‘आता त्या तारखेला दात आले.’

काकूंचा दुसरा धडा जरा कडू होता. नवी खिडकी आली, काचा आल्या, टोकन आलं. पण आतल्या टेबलावरचा माणूस फाइल तशीच ठेवून चहाला गेला तर शिव्या खिडकीवरच्या माणसाला बसतात. त्यांचं म्हणणं असं की सुविधा केंद्र चाललं ते आतली खातीही त्याच यंत्रणेवर आणली म्हणून. अर्ज कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून आहे हे वरच्यांना दिसायला लागलं. केवळ दर्शनी भाग रंगवला असता तर वर्षभरात पुन्हा ‘आत आहे’ सुरू झालं असतं.

हे मी पुढे सगळीकडे पडताळलं. आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं उदाहरण रेल्वेचं. आयआरसीटीसीने ऑगस्ट 2002मध्ये इंटरनेटवर आरक्षण सुरू केलं तेव्हा तिकीट घरी यायचं ते कुरिअरने. पडदा नवा, तिकीट जुनंच. घरच्या प्रिंटरवर छापायचं ई-तिकीट 2005मध्ये आलं आणि मग खरा फरक पडला. गणपतीच्या कोकण गाड्यांसाठी सकाळी आठच्या ठोक्याला बसणाऱ्या डोंबिवलीकरांना पुढचा अनुभव सांगायला नको. 2014च्या ऑगस्टमध्ये रेल्वेने आरक्षणाची नवी यंत्रणा बसवली, मिनिटाला 2000 तिकिटांची क्षमता 7200वर गेली. पानाचा रंग बदलून हे झालं नसतं. कोकणात जाणाऱ्या माणसाला रंगाशी घेणंदेणं नव्हतंच. त्याला हवा होता तो कन्फर्म शब्द.

आमच्या भागातल्या एका पतपेढीचं काम आलं तेव्हा काकूंचा तिसरा धडा मिळाला. संचालक मंडळाने पहिल्या पानाची यादी पाठवली होती: अध्यक्षांचं छायाचित्र, मनोगत, संस्थेचा इतिहास, संचालकांचा समूहफोटो, सरकती अक्षरं आणि ‘आपण अमुकावे पाहुणे आहात’ सांगणारा आकडा. काकूंनी यादी वाचून विचारलं, ‘तिथल्या काउंटरवर कोण बसतं? तिला भेटलास का?’

भेटलो. काउंटरवरच्या मुलीने डोळे मिटून सांगितलं, लोक काय विचारतात ते. ठेवीवर व्याज किती, ज्येष्ठांना जास्त आहे का, दुपारी बंद कधी करता, शनिवारी चालू आहे का, कर्जाला कुठले कागद, जामीनदार किती. दिवसभर हेच, तेही याच क्रमाने. ती यादी मी जशीच्या तशी पहिल्या पानावर चढवली. मनोगत आणि समूहफोटो ‘आमच्याविषयी’ या पानात गेले. बैठकीत कुरकुर झाली, पण एका जुन्या संचालकांनी बाजू घेतली. ते म्हणाले, ‘व्याजदर वर ठेवा. फोटो बघायला कुणी ठेव ठेवत नाही.’

नंतर वाचन वाढलं तेव्हा कळलं की काकूंचं शास्त्र जगात इतरांनीही मांडून ठेवलं आहे. जेकब नीलसन हे वेबसाइटच्या वापरावर संशोधन करणारे नावाजलेले तज्ज्ञ. त्यांनी 1997 साली लिहिलं की त्यांच्या चाचणीतल्या 79 टक्के लोकांनी नवं पान उघडल्यावर ते वाचलं नाही, त्यावरून नुसती नजर फिरवली. शब्दन्‌शब्द वाचणारे 16 टक्के. काकूंच्या भाषेत, लोक पाटी वाचत नाहीत, खिडकीतल्या माणसाचं तोंड बघतात. ब्रिटिश सरकारने ऑक्टोबर 2012मध्ये आपली विखुरलेली संकेतस्थळं मोडून एकच ‘गव्ह डॉट यूके’ उभं केलं. त्याच्या पहिल्या पानावर मंत्र्यांचे हसरे चेहरे नाहीत, चित्रं जवळपास नाहीत. मोठी अक्षरं, सोपी वाक्यं आणि लोकांना लागणारी कामं. त्यांचं पहिलं तत्त्व, सुरुवात लोकांच्या गरजेपासून करा, सरकारच्या गरजेपासून नव्हे. पुढच्याच वर्षी लंडनच्या डिझाइन म्युझियमने त्याला वर्षातलं सर्वोत्तम डिझाइन ठरवलं. मी काकूंना ते पान दाखवलं. ‘किती साधं आहे,’ म्हणाल्या, ‘आमच्या साहेबांना आवडलं नसतं.’

काकूंबरोबरच आणखी तिघांचं देणं आहे. पहिला म्हणजे डोंबिवलीचा गाडी पकडणारा माणूस, सगळा समूहच म्हणा. फलाटावरचा इंडिकेटर त्याला चार गोष्टी सांगतो: गाडी कुठली, जलद की धीमी, किती डब्यांची, किती मिनिटांत. पाचवी गोष्ट सांगत नाही आणि सांगितली तरी ती बघायला कुणी थांबत नाही. मानपाड्याकडून रिक्षाने येऊन पूल चढणाऱ्या माणसाला जिन्यावरूनच कळायला हवं, पळायचं की नाही. सचिन टेके यांच्या एम-इंडिकेटरने 2010च्या सुमारास हे ओळखलं. ते वेबसाइट नव्हतं, ॲप होतं, साध्या जावा फोनवरही चालायचं. वेळापत्रक फोनमध्येच साठवलेलं, त्यामुळे नेटवर्क नसलं तरी गाडीची वेळ दिसायची. मुंबईकरांनी ते जाहिरात न बघता एकमेकांना सांगत उचललं.

मीही हा कस माझ्या कामाला लावला. त्या काळी जलद गाड्या दिवा सोडल्यावर पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. 1916 साली खुला झालेला, सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा. आत शिरलं की नेटवर्क गुल. नवी वेबसाइट झाली की मी सकाळच्या गर्दीत, एक हात हँडलला आणि एका हातात फोन, अशा अवस्थेत दिव्याच्या आसपास ती उघडायचो. बोगदा यायच्या आत फोन नंबर आणि पत्ता दिसला तर पान पास. वरचं मोठं चित्रच अजून उतरत असेल तर ऑफिसात पोचल्यावर पहिलं काम ते चित्र कापायचं. दहा सेकंदांपलीकडे माणूस पडद्यासमोर मन लावून थांबत नाही, हेही नीलसन यांनी लिहून ठेवलंय. डोंबिवलीकर एवढाही थांबत नाही.

दुसरं देणं एका वाचनालयातल्या निवृत्त ग्रंथपाल सरांचं. आपल्याकडे वाचनालयांची परंपरा मोठी. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893चं. मला काम मिळालं ते अशाच एका, वयाने बऱ्याच लहान, वाचनालयाचं. पुस्तकांची यादी वेबसाइटवर आणायची आणि शोधायची सोय द्यायची. कार्यकर्त्यांनी हौसेने, घरोघरी बसून, आपापल्या पद्धतीने नावं टंकली. सरांनी पहिल्याच दिवशी शोधलं ‘वाऱ्यावरची वरात’. पडद्यावर आलं, पुस्तक उपलब्ध नाही. सर उठले, कपाटातून पुस्तक आणून माझ्या समोर ठेवलं आणि म्हणाले, ‘हे काय आहे?’

उलगडा करायला रात्र गेली. मराठीतला तो ‘ऱ्या’ संगणकात दोन वेगळ्या रीतींनी लिहिता येतो. कुणी ‘र’ला हलन्त देऊन मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह टाकतो, कुणी खाली टिंब असलेल्या ‘ऱ’पासून सुरुवात करतो. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द. शिवाय ज्यांना यांतलं काहीच जमलं नाही त्यांनी ‘वार्यावरची’ असं लिहून टाकलेलं. सरांनी मला एक वही दिली. वाचक खिडकीवर येऊन पुस्तकांची नावं कशी सांगतात याच्या त्यात वर्षानुवर्षांच्या नोंदी. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेली, अर्धवट, नुसतं लेखकाचं आडनाव, कधी नुसतं ‘ते निळ्या कव्हरचं’. निळ्या कव्हरचं सोडून बाकी सगळं आम्ही शोधात बसवलं. तिन्ही लेखनांना एकच पुस्तक सापडायला लागलं तेव्हा सरांनी मान हलवली. ते शाबासकी तोंडाने देत नसत.

तिसरं देणं ठाण्याच्या एका विद्यार्थ्याचं. तो पूर्ण अंध. एका महाविद्यालयासाठी केलेल्या वेबसाइटवर त्याला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता, म्हणून ओळखीतून माझ्याकडे आला. त्याने लॅपटॉपवर एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा मोफत प्रोग्राम सुरू केला आणि मला हेडफोन दिला. ‘ऐका दादा.’ आवाज भराभर सांगत गेला: चित्र, चित्र, लिंक, लिंक, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, बटण. कशाचं चित्र, कुठली लिंक, कशाचं बटण, पत्ता नाही. सूचनापत्रक म्हणून लावलेला कागद स्कॅन केलेला, म्हणजे त्याच्यासाठी कोरा. त्याने कुठलीही तक्रार केली नाही. फक्त कुठे काय लिहिलं तर त्याला पुढे जाता येईल ते ओळीने सांगितलं. चित्राला वर्णन द्या. रकान्याला नाव द्या. ‘येथे क्लिक करा’च्या जागी ‘अर्ज उतरवून घ्या’ लिहा. कागद टंकून टाका. हे नियम वेबची सूत्रं ठरवणाऱ्या मंडळींनी 1999पासूनच लिहून ठेवलेत, सरकारी संकेतस्थळांसाठीची भारतीय मार्गदर्शक तत्त्वंही 2009पासून आहेत. मला ती पाठ होती. पण एकदा कानांनी ऐकल्यावर एकही रकाना बिननावाचा सोडवत नाही. त्या दुरुस्त्यांनंतर डोळस वाचकांचीही सोय झाली, कारण ‘अर्ज उतरवून घ्या’ सगळ्यांनाच कळतं.

काकू निवृत्त झाल्यावरही माझी तपासणी थांबली नाही. प्रत्येक नवी वेबसाइट लोकांसमोर जाण्याआधी मी समोरच्या दारात जायचो. नियम एकच, मी गप्प बसायचं. काकू चष्मा लावून, माउस घट्ट धरून, मोठ्याने बोलत फिरायच्या. ‘हे काय आहे? फी कुठे आहे? हां, इथे. नाही, ही मागच्या वर्षीची. मग नवी कुठे?’ त्या अडल्या की मी वहीत टिपायचो. कुठल्याही वेबसाइटच्या चाचणीला पाच माणसं पुरतात असं नीलसन म्हणतात. मी बहुतेक वेळा एका काकूंवर भागवलं. एकदा त्यांना मानधन देऊ केलं. ‘पावती देणार असशील तर घेते,’ म्हणाल्या, आणि घेतलं नाहीच.

आता त्या मुलाकडे घोडबंदर रोडला राहतात. परवा फोन आला. सोसायटीची नवी वेबसाइट झाली आहे, पाण्याच्या टँकरची वेळ कुठे सापडत नाही, तू त्यांना सांगतोस का? मी सांगितलं. सेक्रेटरींनी ऐकलं. टँकरची वेळ आता पहिल्या पानावर आहे.

हे ऋण फिटायचं नाही. ते पुढे देता येईल तेवढं देतो. तुम्ही एखाद्या संस्थेचे पदाधिकारी असाल, शाळेचे मुख्याध्यापक असाल, सोसायटीचे सेक्रेटरी असाल आणि वेबसाइट करायला निघाला असाल, तर माझ्यासारख्याला बोलावण्याआधी तुमच्या चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाला चहा पाजा आणि लोक रोज काय विचारतात ते लिहून घ्या. ती उत्तरं पहिल्या पानावर टाका. फोन नंबर टाका आणि तो उचलणारा माणूस नेमा. मजकूर कधी बदलला ते लिहा. जुनी फी, जुनं वेळापत्रक त्याच दिवशी काढून टाका. आणि लोकांकडून अर्ज घेणार असाल, तर त्यांना काम होण्याची तारीख द्या. तारीख देता येत नसेल तर तूर्तास वेबसाइटचा खर्च करू नका. आधी आतलं टेबल आवरा.